पेन्सिलीनं लिहिलेली योजना

शिरूर कासारच्या आमच्या शाळेतले क्लार्क फायलीवर माणसाचं नाव शाईनं लिहितात आणि पेन्शन योजनेचं पेन्सिलीनं. मी इथं गणित शिकवतो, त्यांच्या शेजारच्याच टेबलावर डबा खातो. वरून योजनेचं नवं नाव आलं की ते दिवसभर एकेक फाईल काढून जुनं खोडतात, फुंकर मारतात, नवं लिहितात. आधी अंशदायी, मग राष्ट्रीय, आता सुधारित.

"नाव बदलून पेन्शन मिळती का, भाऊसाहेब?" मी चिडून विचारतो.

"फाईल तर तयार पायजे ना, सर."

गेल्या महिन्यात आमच्या शिपायाची बायको आली. तो नोकरीत असतानाच वारला. तिच्या हातात क्लार्कनीच दिलेली चिठ्ठी होती.

"बीडच्या हापिसात म्हणले, या नावाची योजनाच न्हाई आता."

क्लार्कनी चिठ्ठीवरचं योजनेचं नाव खोडलं.

"आता लिव्हाल ते तरी ऱ्हाईल का, भाऊ?"

त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं, कागदाला टेकवलं, थांबले, आणि टोपण लावून टाकलं. मग पेन्सिल घेतली.

येत्या जूनमध्ये ते स्वतः रिटायर होतील. पेन्शनसाठीच्या दर संपात, आता मिळणारच म्हणून, ते आपल्या फायलीवर 'जुनी पेन्शन' लिहायचे आणि संप मिटला की खोडायचे. काल ती फाईल पाहिली. योजनेच्या जागी भोक पडलंय.