रे डावीकडे वळला तेव्हा

हे हिलाही ठाऊक नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या पोटातलं बहुतेक सगळं तिने काढून घेतलं, पण हे नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? माहीत नाही. तोंड उघडलंच आहे, तर ऐका.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी जर्मनीत एर्लांगेनला पीएच.डी. करत होतो. गावाच्या कडेला अमेरिकन सैनिकांची छावणी होती आणि छावणीचा फुटबॉल संघ होता. त्यांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर कोसळून पाडायचं. ही मुलं नावाला सैनिक. मोसमभर खेळणं हीच त्यांची नोकरी. सामन्याचं चित्रण करायला त्यांना माणूस हवा होता. मला कॅमेरा चालवता येई, माझ्या संशोधन संस्थेच्या डार्करूममध्ये फिल्म धुता येई. सामन्याला लाकडी मचाणावर चढायचं, मग फिल्मचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून छावणीत पोचवायचा.

संघ सारखा मार खात होता, म्हणून नवा कोच आला. एक कॅप्टन. त्याचं नाव सांगणार नाही. ते तोंडात घ्यायची अजून इच्छा होत नाही.

माझी पहिली चूक अगदी साधी होती. मी सांगलीचा, क्रिकेट बघत वाढलेला. चेंडू जिकडे, नजर तिकडे. कॅमेराही मी तसाच फिरवत असे. पण त्यांच्या कोचला चेंडू बघायचाच नसतो! त्याला मैदानावरचे बावीसच्या बावीस जण चौकटीत हवे असतात, कोण कुठे हलला, कोण कुठे चुकला ते पाहायला. हे मला कुणी सांगितलं होतं? जुन्या कोचने तर कधी चकार शब्द काढला नव्हता.

कॅप्टनने सगळ्या संघासमोर मला बाकावर उभं केलं. फिल्म पुढे-मागे, पुढे-मागे चालवली. मग म्हणाला, "याच्या देशात साप डोलतात ना, तसा आहे हा. काही हललं की याची मान हलते." खोलीत एकच हशा पिकला. त्या दिवसापासून मी सापवाला. चित्रण कसं करायचं ते तेव्हाच शिकलो, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आणि — रेसुद्धा हसला.

रे हा त्यांचा सगळ्यात वेगवान गडी. छावणीत मला माझ्या नावाने हाक मारणारा तो एकटा. रविवारी माझ्या खोलीवर यायचा, मुगाची खिचडी चमच्याने खायचा आणि पातेलं खरवडायचा. त्याची सैन्यातली मुदत संपत आली होती. मायदेशी एका व्यावसायिक संघाने त्याला चाचणीला बोलावलं होतं आणि त्या एका चाचणीवर त्याने सगळं मांडून ठेवलं होतं — आईचं घर, स्वतःचं लग्न, सगळं. बाकीचे हसले ते मी विसरलो असतो. रे तोंडावर हात धरून हसला. पण हसला.

मी डूख धरला. वरवर हसत राहिलो, कॅप्टनला 'येस सर' म्हणत राहिलो.

त्याच्या हाताखाली संघ जिंकायलाही लागला, हे कबूल करायला हवं. शेवटचा सामना म्युनिककडच्या तगड्या संघाशी होता. त्यासाठी कॅप्टनने एक डाव राखून ठेवला होता. सगळे उजवीकडे धावणार आणि चेंडू लपवून रे एकटा डावीकडून सुटणार. दारं लावून सराव झाला. चित्रण अर्थात माझं.

त्यांच्यात एक रीत होती. सामन्याआधी दोन्ही संघ आपापल्या मागच्या सामन्याची फिल्म एकमेकांना पाठवत. फक्त सामन्याची, सरावाची कुणी देत नसे. डबा भरायचं काम माझं होतं.

सामन्याच्या फिल्मच्या शेपटाला मी तो सरावाचा तुकडा जोडून दिला.

पकडलो गेलो असतो तर? चूक झाली म्हणालो असतो. पण समोरचे कशाला बोलतायत? आणि कॅप्टनला माझा संशय येणं शक्यच नव्हतं. सापवाल्याला हा खेळ कळतो, हे त्याच्या डोक्यातच शिरलं नसतं. हे सांगताना मला अजून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

सामन्याच्या दिवशी धुकं उशिरा विरलं. मी मचाणावर होतो. सगळे उजवीकडे धावले. रे डावीकडे वळला — आणि तिथे दोघे आधीच उभे होते. वाट बघत. एक त्याच्या छातीवर आला, दुसरा गुडघ्यावर. मी कॅमेरा हलवला नाही. बावीसच्या बावीस जण चौकटीत होते.

सामना गेला. पुढच्या मोसमात कॅप्टनकडून संघ काढून घेतला. मला हवं होतं ते सगळं मिळालं. त्याआधी त्याने त्या सामन्याची फिल्म संघाला दाखवली तेव्हा माझ्याकडे बोट करून म्हणाला, चित्रण असं करायचं असतं.

नेम कॅप्टनवर होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण चेंडू कुणाच्या हातात असणार, हे मला ठाऊक नव्हतं का? तुकडा जोडताना माझ्या डोळ्यांपुढे कॅप्टन नव्हता. तोंडावर धरलेला तो हात होता.

इस्पितळात मी डब्यात खिचडी घेऊन गेलो. रेचा पाय प्लास्टरमध्ये होता. चालता येईल, धावता येणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं. त्याने माझी बाही धरली.

"तू वरून बघत होतास. माझं काय चुकलं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं.

"वळायला उशीर केलास," मी म्हणालो.

त्याने माझी बाही सोडली. मग म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं." आणि त्याने चमचा मागितला.