पट्टी माफ झालेली घरं

२ सप्टेंबर. आजचं काम: शंभर वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत रंगाऱ्यांची किती माणसं राहत होती, तो आकडा काढून देणं. दसऱ्याआधी समाजमंदिराच्या दारात शिला बसणार होती, तिच्यावर तो कोरायचा होता.

अध्यक्षकाकांनी हिशेब आधीच उरकला होता. देवीच्या उत्सवाच्या तेव्हाच्या पट्टीत, म्हणजे वर्गणीच्या वहीत, जेवढी नावं तेवढी घरं, घरटी पाच माणसं. झालं.

मला ते पटेना. पट्टी कमावत्या पुरुषाच्या नावावर असे. तो गेला की विधवेला पट्टी माफ, आणि नाव कमी. दया म्हणूनच करत. पण घर काही उठून जात नसे. माझी पणजी नवऱ्यामागे त्याच घरात कापड रंगवून मुलं वाढवत होती. काकांच्या हिशेबात ती नव्हतीच.

मी गल्लीत परसापरसांतून फिरले. रंग कालवायच्या दगडी डोणी अजून आहेत. कुणी त्यांत गाईला पाणी ठेवतं, कुणी माती भरून कढीपत्ता लावलाय. पट्टीतल्या नावांपेक्षा डोणी बऱ्याच जास्त भरल्या.

संध्याकाळच्या बैठकीत ते सांगितलं.

"अय्यो, एकेका घरात दोन डोणी असतील की गं," काका म्हणाले.

"असतील. म्हणून जास्तीच्या निम्म्याच धरल्या. आणि तिथं माणसं पाच नाही, तीन."

"म्हणजे तुझं नक्की नाही."

"तुमचं तरी कुठं नक्की आहे, काका? तुम्ही फक्त ठासून सांगता."

कुणीतरी हसलं. काकांनी कप बाजूला सरकवला. "सुम्ने, उगीच कशाला वाढवतीस? दगडावर एकच नंबर शोभतो. त्या बायकांचं आता कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. मजकुरावर चिटणिसाची सही लागते, आणि चिटणीस मी आहे. त्यांची घरं गाळून सही करणार नाही."

"मग राहील शिला कोरी."

"राहू दे. चुकीची नको."

"उद्या दुपारी मीच जाऊन सांगतो पाथरवटाला, माझाच आकडा कोर म्हणून," काका उठता उठता म्हणाले.

३ सप्टेंबर. सकाळी मी डबे भरले आणि मिळेल त्या पहिल्या बसनं, दसऱ्याची मिरवणूक जिथं संपते त्या बन्नीमंटपाजवळ, पाथरवटाकडे गेले. सही केलेला मजकूर त्याच्या हातात दिला: पट्टी भरणारी घरं, त्याखाली पट्टी माफ झालेल्या विधवांची घरं, दोन्हींतल्या माणसांपुढे 'अंदाजे'. विधवांची ओळ आधी कोरायला लावली आणि ती पुरी होईपर्यंत तिथंच उभी राहिले.