पंधरा फुटी भामाबाई

टेबलावर तीन चित्रं होती. तिन्ही भामाबाई कऱ्हाटीकरांची होती आणि तिन्ही त्यांच्या चाहत्यांनी काढली होती. पहिलं एका ड्रॉइंग मास्तरांचं पेन्सिल स्केच. दुसरं उशीच्या अभ्र्यावर रेशमाने भरलेलं. तिसरं एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर रंगवलेलं, त्याचा फोटो. तिन्ही चित्रांत बाईंची कंबर मुठीत मावेल एवढी होती. त्यांच्याशेजारी भामाबाईंचा खरा फोटो होता. त्यात त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि खुर्ची दिसत नव्हती.

मी बारामतीत कमर्शियल पेंटर होतो. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरचे नंबर, निवडणुकीत भिंती आणि पुढाऱ्यांचे कटआउट. कटआउट म्हणजे प्लायवूडवर माणूस रंगवायचा, कडेकडेने कापायचा आणि बांबूंना बांधून चौकात उभा करायचा. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. फ्लेक्स आला नव्हता, त्यामुळे माणूस मोठा करायचा तर हातानेच करावा लागे.

समोर इंदापूरचे दोघे बसले होते. नानासाहेब म्हणजे भामाबाई चाहते मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. दुसरे रशीदभाई, लेडीज टेलर. जत्रेत भामाबाईंचा तमाशा होता आणि त्याच्या मध्यंतरात मंडळातर्फे सत्कार. तंबूच्या दारात पंधरा फुटी कटआउट हवा होता.

"फोटोवरनंच काढा, पेंटर," नाना म्हणाले. "फक्त जरा नीटनेटकं."

"म्हणजे?"

"म्हणजे सत्काराला शोभंल असं."

"बारीक काढा म्हणत्यात," रशीदभाई म्हणाले.

"मी असं म्हनलो का?"

"न्हाय. पर काढायचं तेच हाय ना?"

नानांनी चहा मागवला.

मला यात वावगं वाटलं नाही. आमच्या धंद्यात याला 'सुधारणे' म्हणतात. फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, प्लायवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन उतरवायचा. पुढारी असेल तर छातीला अर्धा चौकोन वाढवायचा. बाई असेल तर कंबरेला एक कमी करायचा. भामाबाईंना मी अडीच कमी केले.

कटआउट टेम्पोतून इंदापूरला गेला आणि जत्रेच्या चार दिवस आधी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला.

"पेंटर, बाई मोडल्या."

चैत्रातला वारा होता. प्लायची शीट आठ फुटांची असते, म्हणजे पंधरा फुटांच्या आकृतीत सांधा कंबरेच्या आसपास येतो. तिथे मी जेमतेम फूटभर लाकूड ठेवलं होतं. पुढाऱ्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. मी पोहोचलो तेव्हा पाय आणि नऊवारी जागेवर उभी होती, वरचा भाग उसाच्या रसाच्या गाड्यावर पालथा पडला होता आणि पन्नासेक माणसं हसत होती. भामाबाईही तिथेच होत्या. त्यांचा फड आदल्या रात्रीच गावात आला होता.

"ह्यो तुमचा का?" त्यांनी विचारलं.

"होय. चूक झाली. उद्या जोडून देतो."

"जोडू नगा. मोडली ती बरी झाली."

नाना पुढे झाले. "बाई, तुमचा मान म्हणून—"

"नानासाहेब, दर गावात पोस्टरवर असलीच एक छडी असती. लोक तिला बघून तिकीट काढत्यात. मग पडदा सरतो आन् मी येती. पयली पाच मिन्टं तंबू नुसता हसतो. कुणी म्हणतं, पोस्टरवाली कुठं हाय? कुणी म्हणतं, हिनं तिला खाल्ली. मी तशीच थांबती. हसून झालं की गाती. पंचवीस वर्सं झाली. हितं सत्कार करताय ना? मग हितं तरी ती पाच मिन्टं मला नगं."

नाना म्हणाले, "पर चित्र म्हंजे कसं, जरा—"

"मला माझ्यासारकी काढा. न्हायतर काढूच नगा, आन् शालबी ऱ्हाऊ द्या."

सत्कारमूर्तीच सत्काराला येणार नाही म्हटल्यावर नानांना कलेतला वास्तववाद ताबडतोब पटला.

हातात तीन दिवस होते. मी परत आलो, चौकोन पुन्हा आखले आणि या वेळी काहीही कमी केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भामाबाई आणि रशीदभाई एसटीने बारामतीला आले. बाई प्लायसमोर उभ्या राहिल्या.

"ही मी न्हाय," त्या म्हणाल्या. "ही माजी टिंगल हाय."

मी वाद घालणार होतो. मग चित्राकडे नीट पाहिलं. तीन हनुवट्या, गोल गाल, बटणासारखे डोळे. फोटोत यातलं काहीच नव्हतं, ते माझ्या हाताने आपणहून घातलं होतं. बावीस वर्षांत मी जाड बाई फक्त एकाच कामासाठी काढली होती, हसवायला. लोणच्याची जाहिरात, पिठाच्या गिरणीची पाटी. तिच्या हातात लाटणं द्यायचं आणि समोर बारका नवरा. मला बाया दोनच तऱ्हेच्या काढता येत होत्या, एक कंबर नसलेली आणि एक लाटणंवाली. भामाबाई दोन्हींत बसत नव्हत्या.

"आन् पाय का एवढं बारकं?" त्यांनी विचारलं. "एवढं घुंगरू बांधून तीन तास नाचती मी. ह्या पायांवर पोर बी उभं ऱ्हायाचं न्हाय."

तेही खरं होतं. चेष्टेच्या चित्रात जाड माणसाला लहान पाय द्यायची पद्धत आहे. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

रशीदभाईंनी खिशातून वही काढली. "दंडाचा घेर सांगू? पाठ सांगू? मी पंधरा वर्सं बाईंचं पोलकं शिवतोय, पेंटर. आमाला सुधारून चालत न्हाय. माप खोटं घेतलं तर पोलकं पयल्या तानंलाच उसवतं."

"माझा नवरा बी एवढं ध्यानात ठेवत न्हवता," बाई म्हणाल्या.

"त्याला शिलाई कुठं मिळत होती?"

मी फोटो बाजूला ठेवला आणि बाईंना दुकानात उभं राहायला सांगितलं, स्टेजवर राहतात तसं. त्या उभ्या राहिल्या. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्या बारीक माणसासारख्या उभ्याच राहत नाहीत. भार टाचांवर असतो. पाठ किंचित मागे आणि मान ताठ. पायांत चांगलं हातभर अंतर. पोट लपवलेलं नसतं, तानेसाठी श्वास तिथूनच यायचा असतो. मी म्हटलं, गाऊन दाखवा. त्यांनी एक आलाप घेतला तेव्हा दंड भरून वर आला, रशीदभाईंची शिवण ताणली आणि टिकली. मी तो दंड काढला. मग बाकीचं चित्र त्या दंडाला धरून काढत गेलो. हनुवटी एकच ठेवली, कारण मान ताठ असली की एकच दिसते. कापताना प्लाय जास्त लागलं. कंबरेच्या सांध्याला चांगलं साडेचार फूट लाकूड मिळालं.

जत्रेच्या सकाळी कटआउट उभा केला. वारा तोच होता. बाई हलल्या नाहीत.

माणसं खाली थांबून बघत होती. एक म्हातारा बायकोला म्हणाला, "ही बघ भामी. कऱ्हाटीत ऐकली हुती ती." खाली लिहिलेलं नाव त्याने वाचलं नव्हतं.

संध्याकाळी मी तंबूत मागे बसलो. चित्रावर कुणी हसलं असतं तर ते माझ्या खात्यावर जाणार होतं. पडदा सरला. भामाबाई पुढे आल्या आणि नेहमीच्या सवयीने थांबल्या, हशा ओसरावा म्हणून. हशा आलाच नाही. तंबू गप्प बसून त्यांच्याकडे बघत होता, दारात बघितलेली बाई आत आली एवढंच. त्या तशाच उभ्या. ढोलकीवाल्याने वळून पाहिलं. त्याचाही हात पाच मिनिटांच्या हिशेबाने मांडीवर होता. मग बाईंनी पदर खोचला आणि सूर लावला, आणि ढोलकी चार मात्रा उशिरा पोहोचली.

मध्यंतरात सत्कार झाला. नाना बोलले की चित्र जसंच्या तसं असावं हा आग्रह मंडळाचा पहिल्यापासून होता. रशीदभाई माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "व्हय, पयल्यापासनं," आणि सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने तो फाळकेवाला ट्रक दुकानासमोर येऊन थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "हिला पुसून नवी काढा. जरा रुंद. फाळक्यात जागा हाय."

पुढाऱ्यांची छाती मी पुढेही अर्धा चौकोन वाढवतच राहिलो. त्यांच्यापैकी कुणाची तक्रार आली नाही. पण बाईचं चित्र काढायचं असलं की मी आधी विचारायचो, यांचा शिंपी कोण?