माय कालेश्वरला गेलीच नव्हती

अंगात येणं, नवसाला पावणं, दृष्टांत होणं... यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. या सदरातले अनुभव वाचून मी पुष्कळदा मासिक बाजूला टाकलंय. पण मध्ये एका नातेवाइकाकडे भजन होतं आणि तिथं एक बुवा चक्क माझ्या आईची गोष्ट सांगत बसला होता — माझ्यासमोर! देवानं भक्ताची यात्रा कशी पुरी करून घेतली वगैरे. बायका डोळे पुसत होत्या. माझं डोकं असं तापलं की मी ताटावरून उठले. म्हणून लिहितेय. जे मला कळलं नाही, ते कळलं नाही असंच सांगेन. पण कृपा करून अर्धीच गोष्ट सांगत फिरू नका.

आमचं गाव ब्रह्मपुरीजवळ, वैनगंगेच्या अलीकडे. सगळी धानाची शेती. तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील. मी लहानपणी तापानं मरायला टेकले होते, तेव्हा मायनं नवस बोलला होता — पोरगी वाचली तर कालेश्वरला पायी येईन. कालेश्वर म्हणजे सिरोंच्याच्या पलीकडे, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावर. तिथं एकाच जागी शिव आणि यम शेजारीशेजारी बसलेत. पुढे बाबा वारले, शेतीचं सगळं मायवर आलं आणि नवस राहून गेला. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, "तुले सासरी धाडाच्या आधी मले हे फेडू दे. तू बी चाल माह्यासंग."

शिवरात्रीच्या बेतानं गावातली दहाबारा माणसं निघाली. पुढारी होते मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. गावात भजन त्यांच्याशिवाय व्हायचं नाही. सोबत त्यांची बायको, माझी मोठीमाय. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी असं करत आम्ही आलापल्लीपर्यंत मजेत गेलो. पुढे मात्र नुसतं सागाचं आणि बांबूचं रान. दिवसा ऊन, पहाटे हाडं गोठवणारी थंडी.

त्या रानातच मायला हिवताप भरला. एका सकाळी ती उठलीच नाही. दात वाजत होते, अंगावर चार पांघरुणं टाकली तरी खाट हलत होती. खाट तरी कुठली... रस्त्याकडेच्या माडिया आदिवासींच्या एका वस्तीत, एका बाईच्या ओसरीत तिला आणून टाकलं होतं.

मी मोठ्याबाबांना म्हटलं, "दोन रोज थांबा. नाई तं कोणी एकजण मागं चला, आलापल्लीले दवाखाना हाय. गाडी पाहू."

ते म्हणाले, "शिवरात्री चुकली तं साऱ्याइचं चालणं वाया जाईन, पोरी."

"मंग मोठीमायले ठेवा माह्यापाशी."

"ते कायले राहीन? तिचाबी नवस हाय. देवाच्या वाटेवर मागं पाहाचं नसते. कालेश्वर पाहून घेईन तुह्या मायले."

माय शुद्धीत होती, हे मला ठासून सांगायचंय. तिनं हात लांब केला, मोठ्याबाबांच्या धोतराचा सोगा धरला आणि म्हणाली, "भाऊजी, मले सोडून जाऊ नोका." त्यांनी सोगा सोडवून घेतला. तिच्या गाठोड्यातला नारळ काढला, "हा मी वाहतो तुह्या नावानं," म्हणाले, टाळ उचलले आणि गजर करत गेले. सगळे गेले. मोठीमायनं एकदा वळून पाहिलं. एकदा.

ज्या बाईची ती ओसरी होती तिला तिची मुलं 'याया' म्हणत, म्हणजे आई. आम्हीही तेच म्हणू लागलो. तिला मोडकी मराठी येत होती. तिनं विचारलं, "तुमचे लोक?"

"गेले."

"बिमार बाईले टाकून?"

ती बाहेर जाऊन रस्त्याच्या दिशेनं थुंकली आणि आत येऊन चूल पेटवली. मायचं हिरवं लुगडं घामानं आणि उलटीनं खराब झालं होतं. यायानं ते नाल्यावर धुवायला नेलं आणि स्वतःचं एक जाडंभरडं पांढरं, लाल काठाचं पातळ मायला नेसवलं. कसला तरी पाला उकळून पाजला. पातळ आंबील चमच्याचमच्यानं घातली. ती माझी कोण? कोणीच नाही.

शिवरात्रीचा दिवस उजाडला. सकाळपासून मायचा ताप एवढा चढला की हात ठेववेना. आणि दुपारी सूर्य डोक्यावर आल्यावर एकदम अंग गार पडलं. डोळे अर्धे उघडे. हाक मारली तर उत्तर नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. श्वास आहे की नाही तेही कळेना. याया नाडी धरून बसली होती. मी त्या कालेश्वराला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आम्हाला बोलावणारा तू, चालवणारा तू, आणि आता इथं मारतोस? असं कितीतरी वेळ. उन्हं कलली तेव्हा मायला दरदरून घाम फुटला. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "पानी दे वं."

या सगळ्या वेळात ती माझ्या मांडीवरून हललेली नाही. मी उठले नाही, याया उठली नाही. हे लक्षात ठेवा.

माय हळूहळू उठून बसायला लागली. तिचं स्वतःचं हिरवं लुगडं वाळलं होतं, ते ती पुन्हा नेसली. आणि एके दिवशी वाटेवर टाळ ऐकू आले. यात्रा परत येत होती.

मी ओसरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. ठरवलं होतं, मोठ्याबाबांना आत पाऊल टाकू द्यायचं नाही. पण ते मला ओलांडून आत गेले आणि मायच्या पायावर आडवे झाले! "धन्य हायेस, माय! तूबी पोचलीस!" बाकीचेही पाया पडायला लागले. कोणी रडतंय, कोणी कपाळाला धूळ लावतंय.

माय पाय आखडून घेत म्हणाली, "काय झालं तुमाले? मी कुठी पोचली?"

"संगमावर! आमी साऱ्याइनं पाह्यलं. भर दुपारी, पान्यात उभी होतीस."

मला वाटलं, काय हे नीच लोक! बाईला मरायला टाकून गेले आणि आता तोंड दाखवायला जागा नाही म्हणून वाटेत बसून गोष्ट रचली. मी तसं स्पष्ट बोलले. शिव्यांसकट बोलले. मोठेबाबा हात जोडून नुसते हसत होते. एखाद्या अडाणी पोरीकडे पाहावं तसे.

मोठीमायनं मला झोपडीच्या मागे नेलं. "पोरी, मी खोटी नाई बोलत. मी तिच्यापाशी गेली ना. म्हटलं, तू आलीस कशी, अन् हे पातय कोनाचं? तं म्हणे, त्या बाईनं नेसवलं, माहं तिनं धुवाले नेलं. मंग गर्दीत दिसेनाशी झाली."

"कसं पातळ?"

"पांढरं. लाल काठाचं. जाडं."

ते पातळ यायानं नेसवलं तेव्हा ही माणसं केव्हाच पुढच्या मुक्कामाला गेली होती. परत आली तेव्हा माय हिरव्या लुगड्यात होती. वस्तीतलं कोणी त्यांना भेटलं नव्हतं, मी यायाला खोदून खोदून विचारलं. मग मोठीमायला कसं कळलं? मला आजवर याचं उत्तर सापडलेलं नाही.

मायला विचारलं. ती म्हणाली, "मले काही आठवत नाई. तुही मांडी आठवते."

इथपर्यंतची गोष्ट तो बुवा सांगतो. सोगा सोडवल्याचं सांगत नाही. पुढचंही सांगत नाही.

गावात परतल्यावर जो तो मायच्या पाया पडायला येऊ लागला. मोठेबाबा प्रत्येक भजनात ही कथा लावायचे, आणि कथेत तेही मोठे होत गेले — "मी तिले देवाच्या हवाली केलं, म्हणून देवानं आणलं!" म्हणजे सोडून गेले हेच त्यांचं पुण्य! चमत्कार झाला आणि यांचा गुन्हा धुतला गेला. मी जळत होते. एकदा अंगणात बायकांचा घोळका मायच्या पायाशी वाकला तेव्हा ती ओरडली, "हात लावू नोका! रानात पडले होते तवा हे पाय कोनाले दिसले नाई काऊन?"

त्यानंतर कोणी आलं नाही. आणि तिनं मला सांगितलं, "माहा नवस फिटला नाई. दुसऱ्यानं पाह्यलं म्हनून मी पोचली होत नाई."

पुढच्या शिवरात्रीला आम्ही दोघीच निघालो. आलापल्लीपर्यंत मोटार मिळाली, तिथून यायाच्या वस्तीपर्यंत पायी. मायनं तिला नवीन पातळ नेसवलं. दुसऱ्या दिवशी त्याच ओसरीतून माय चालायला लागली. म्हणाली, "इथीच राह्यलं होतं माहं." सिरोंच्याला पोचेपर्यंत तिनं देवाचं नाव एकदाही घेतलं नाही. नुसती चालली.

संगमाच्या काठावर डोंगे लागले होते. आम्ही एकात बसायला गेलो, तर म्हातारा नावाडी मायकडे पाहतच राहिला. हातातला बांबू तसाच. मग तेलुगूत काहीतरी ओरडला आणि आमच्या भाषेत म्हणाला, "अम्मा! तू जिंदा हाय?"

मायनं विचारलं, "तू मले ओळखतोस?"

"मागल्या शिवरात्रीला मीच नेलं ना पलीकडे. एकटी होती तू. पांढरं पातळ. बोलली, माझे लोक पुढे गेले. सगळे परत आले, तू नाही आली. मी अंधार पडेपर्यंत डोंगा धरून थांबलो. मग वाटलं, बुडाली. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी बांबू घालून पाणी ढवळलं..."

मला तेव्हा काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. भीती नंतर वाटली. आधी आला तो रागच. कारण तोवर माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आलीच नव्हती. मोठ्याबाबांनी, त्या सगळ्यांनी, मायला पाण्यात पाहिलं होतं ना? मग यात्रेच्या गर्दीत ती दिसेनाशी झाल्यावर? एकानंही शोधलं नाही. टाळ वाजवत परत निघाले. जी बाई त्यांना तिथं दिसली, तिलाही ते सोडून आले.

माय डोंग्याच्या काठावर बसली. एवढ्या आजारपणात, एवढ्या अपमानात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. "माह्यासाठी थांबला होता तू? अंधार पडेपर्यंत?"

म्हाताऱ्याला कळेना, ही रडते का. तो म्हणाला, "नेलं तर आणायला नको?"

त्यानं आम्हाला पलीकडे नेलं. मायनं संगमात डुबकी मारली, आत जाऊन नारळ वाहिला. काय मागितलं, की काय सुनावलं, मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा चेहरा कडक होता. डोंगा परत अलीकडे लागला तशी ती आधी उतरली, वाळूत दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "भाऊ, पाहून घे. या साली मी परत आली."

माय पुढे खूप वर्षं जगली. ती पुन्हा कोणत्याच यात्रेला गेली नाही. आदल्या वर्षी त्या म्हाताऱ्याच्या डोंग्यात कोण बसलं होतं, पलीकडे उतरून ते कुठे गेलं... याचा खुलासा माझ्याजवळ नाही. कोणाजवळ असेल असंही वाटत नाही.