अकरा नंबरच्या पानाचा खालचा कोपरा

पिशवीवाली मावशी पहिल्यांदा कुठे दिसली, यावरून माझं कॉमिक्स गोळा करणाऱ्यांच्या एका अख्ख्या ग्रुपशी भांडण आहे. ते फोनवर चालतं म्हणून कोणी कोणाच्या अंगावर धावून जात नाही, एवढंच. पंचावन्नाव्या वर्षी असल्या गोष्टीसाठी रक्त आटवणारी बाई रत्नागिरीत दुसरी नसेल, असं माझा नवरा म्हणतो. आमचं मेडिकलचं दुकान आहे. खाली औषधं आणि माळ्यावर माझी कॉमिक्स. एक्स्पायरी दोन्हीकडची बघत जा, असाही त्याचा एक सल्ला असतो.

ही मावशी म्हणजे मी शाळेत असताना निघणाऱ्या एका मराठी चित्रकथांच्या मासिकातली बाई. मुंबईतलं छोटंसं प्रकाशन होतं, दोन-अडीच वर्षांत बंद पडलं. मावशी ठेंगणी, नऊवारीतली, जरा भोचक, आणि हातात कायम एक कापडी पिशवी. गावात काही चोरीला गेलं की ती चोर शोधायची आणि ऐन वेळी पिशवीतून नेमकी हवी ती वस्तू काढायची. आज ते अंक मिळता मिळत नाहीत. गोळा करणाऱ्यांत तर एक वेगळंच वेड असतं. एखादं पात्र ज्या अंकात सगळ्यांत आधी येतं, त्याला म्हणायचं ‘फर्स्ट’. फर्स्टचा मान मोठा. कोण कुठे पहिल्यांदा आलं याची ग्रुपमधल्या जाणकारांनी यादीच केली आहे, आणि त्या यादीत मावशीचा फर्स्ट म्हणून एक दिवाळी अंक लावला आहे, कारण त्याच्या मुखपृष्ठावर ती आहे.

मीही दिवाळी अंकच फर्स्ट धरून चालले होते. दोन वर्षांपूर्वी तो मला कोल्हापूरच्या एका रद्दीवाल्याकडून मिळाला, तेव्हा मी तो दुकानाच्या काउंटरवर मिरवायला ठेवला होता. त्या दिवशी आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला आल्या. बाई आता त्र्याऐंशी वर्षांच्या. लग्न केलं नाही, पालीला भाच्याकडे असतात. भाचाच त्यांना घेऊन आला होता. बाईंनी अंक डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, “हिला मी काढली गो. पण तेव्हा हिच्या पिशवीत कोंबडी होती.”

त्यांच्या पाठीमागून भाच्याने मला डोळ्याने खूण केली, की बोलू दे, लक्ष देऊ नको. ती खूण बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मुद्दाम स्टूल पुढे ओढलं, बाईंना बसवलं आणि सगळं विचारून घेतलं.

बाईंनी त्या मासिकाला एकच गोष्ट चित्रं काढून पोस्टाने पाठवली होती. लाँचच्या धक्क्यावर चोरी होते, अशी ती गोष्ट. त्यात गर्दीतल्या रांगेत एक बाई उभी असते, पिशवीतून कोंबडीने मान बाहेर काढलेली, आणि ती पुढे घुसणाऱ्या माणसाला म्हणते, “रांग इथून आहे.” एवढंच तिचं काम. मासिकवाल्यांना ती बाई आवडली. त्यांनी मुंबईतल्या एका चित्रकाराकडून तिच्यावर वेगळ्या गोष्टी करून घेतल्या आणि दिवाळीत तिला मुखपृष्ठावर बसवलं. बाईंना कोणी विचारलं नाही. बाईही बोलल्या नाहीत, कारण शिक्षकाला बाहेरचं काम करायला परवानगी लागायची आणि आमचे तेव्हाचे हेडमास्तर परवानगी देणाऱ्यांतले नव्हते. म्हणून त्यांनी गोष्टीवर नाव घातलंच नव्हतं. फक्त पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा शिंपला काढला होता.

शिंपला म्हटल्यावर मी उडालेच. बाई वर्गात चित्रवही तपासल्यावर सही करायच्या नाहीत, शिंपला काढायच्या. माझी नववीची चित्रवही अजून माझ्याकडे आहे आणि तिच्या पानापानावर तो आहे. शिवाय कोंबडी मलाही आठवत होती. मी तो अंक लहानपणी वाचला होता, फक्त ती मावशी हीच, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

“घरात बोललं की म्हणतात, आत्याला भास होतात,” बाई म्हणाल्या. भाचा औषधांच्या फडताळाकडे बघत राहिला.

मला एवढंच हवं होतं. बाई खरं बोलतायत हे त्या असताना, त्यांच्याच घरच्यांच्या तोंडावर सिद्ध व्हायला हवं होतं. त्यासाठी तो अंक पाहिजे होता, आणि त्यातलं शिंपला असलेलं पान.

आधी मी गावातल्या वाचनालयात गेले. त्यांच्याकडे या मासिकाचे अंक एकत्र बांधलेले होते. ग्रंथपालांनी जाड खंड टेबलावर आपटला आणि कौतुकाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. “बाइंडिंग बघा मॅडम. हत्ती बसला तरी उसवायचं नाय.” मी उघडला. बाइंडरने सगळी मुखपृष्ठं फाडून काढली होती, त्यामुळे कुठला अंक कुठल्या महिन्याचा हे कळायला मार्ग नव्हता. अंकही हाताला लागतील तसे एकापुढे एक शिवलेले. धक्क्यावरची गोष्ट मात्र सापडली. रांग होती, कोंबडी होती, मावशी होती, अंकाच्या सुरुवातीपासून मोजलं तर अकराव्या पानावर. पण बाइंडरने कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटर मारला होता. मावशीचे पाय घोट्यापासून गायब, पानाचा आकडा गायब आणि शिंपला कचऱ्यात.

“मुखपृष्ठं का काढलीत?” मी विचारलं.

“त्यावर जाहिरातीच असायच्या,” ग्रंथपाल म्हणाले. “वाचायचं तर आत असतं ना?”

त्या माणसाला काय बोलणार. त्याने जपण्यासाठीच केलं होतं सगळं, आणि इतकं नीट केलं होतं की आता त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी तिथून तणतणत बाहेर पडले आणि रस्त्यात दोन ओळखीच्यांना ओळखसुद्धा दाखवली नाही.

मग ग्रुपवर विचारलं. मुखपृष्ठावर धक्क्यावरच्या चोरीचं नाव छापलेला अंक एकाच माणसाकडे होता, पुण्याच्या एका गृहस्थांकडे. या लोकांची तऱ्हा अशी, की अंक हाती लागला की तो तपासायला पाठवायचा. तिथले लोक त्याला दहापैकी गुण देतात आणि कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा सीलबंद करून परत पाठवतात. पुढचं मुखपृष्ठ दिसतं, मागचं दिसतं. मधलं काही आयुष्यात कोणाला दिसत नाही. मी दिवसभर औषधांच्या सीलबंद पट्ट्या विकते, पण त्या फोडून गिळायच्या असतात हे गिऱ्हाइकाला आणि मला दोघांनाही ठाऊक असतं.

मी त्यांना फोन केला. अकरा नंबरच्या पानाचा खालचा कोपरा तेवढा बघून सांगा, म्हटलं.

“सील तोडलं तर अंकाची वाट लागेल, मॅडम.”

“मग सील करायच्या आधी वाचला असेल ना तुम्ही?”

“वाचायला नाही घेत आम्ही. पानं हाताळली की गुण जातात.”

ऐकलं ते मला खरं वाटेना. म्हणजे अख्खी यादी या लोकांनी मुखपृष्ठांवरून केली होती. मावशी आधीच्या अंकात आत कुठे रांगेत उभी असेल, हे कळणार कसं? कोणी पान उलटलंच नव्हतं. मी त्यांना बाईंबद्दल सांगितलं, शिंपल्याबद्दल सांगितलं. ते हसले. “मॅडम, प्रत्येक गावात एक तरी म्हातारी असतेच, हे मीच काढलंय म्हणणारी. पुरावा आणा.”

पुरावा त्यांच्याच कपाटात होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी फोन ठेवला आणि दुकानात जो समोर येईल त्याला ही हकीकत सांगत सुटले. सर्दीची गोळी घ्यायला आलेला माणूसही पुण्याच्या गृहस्थांना शिव्या घालून गेला.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. या मार्चमध्ये सासूच्या बीपीच्या गोळ्यांसाठी नेहमी येणाऱ्या एका भाभींनी माझं ते पुराण ऐकलं. खाडीपलीकडच्या गावातलं घर, सासरे आयुष्यभर जहाजावर होते. भाभी म्हणाल्या, “ताई, आमच्या सासऱ्यांची पेटी हाय माळ्यावर. जहाजावर जाताना मराठी पुस्तकं भरून न्यायचे. बघायची असली तर या.”

मी दुसऱ्याच दिवशी गेले. पत्र्याची पेटी, वर गंजलेलं कुलूप. आत मासिकाचे नऊ अंक होते आणि चौथा अंक तोच. त्याची दशा अशी, की पुण्याच्या गृहस्थांनी दहापैकी शून्य दिले असते. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, पण महिना शाबूत. पानांवर चहाचे आणि तेलाचे डाग, कडांना असंख्य अंगठ्यांनी काळा रंग चढलेला. भाभींचे सासरे सांगायचे म्हणे, की जहाजावर एका अंकाला सात-आठ जण असायचे आणि ज्याला वाचता येत नसे त्याला दुसरा वाचून दाखवायचा. मी अकरावं पान उघडलं. मावशी आपल्या दोन्ही पायांवर उभी होती. खालच्या कोपऱ्यात शिंपला होता. माझी चित्रवही मी सोबत नेलीच होती, ती शेजारी ठेवली. एकच हात. मी भाभींच्या माजघरात बसून रडले आणि त्यांनी मला सरबत करून दिलं.

“तुम्हीच ठेवा,” भाभी म्हणाल्या. “इथं वाळवी खाणार नायतर.”

घरी येऊन मी दोन्ही शिंपल्यांचे फोटो, महिन्याचा फोटो, बाईंचं पूर्ण नाव, शाळा, सगळं ग्रुपवर टाकलं.  दुसऱ्या दिवशी यादी दुरुस्त झाली. दिवाळी अंकाच्या वर एक ओळ आली: आधीच्या अंकात किरकोळ दर्शन, चित्रकार अज्ञात. अज्ञात! मी नाव लिहून दिलं होतं, पत्ता लिहून दिला होता, त्या अजून जिवंत आहेत हेही लिहिलं होतं. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, शिंपला ही काही सही नव्हे. सील मात्र त्यांनी अजूनही तोडलेलं नाही. मी त्यांना जे उत्तर लिहिलं ते इथे देत नाही, कारण माझी सून हे वाचणार आहे.

त्यांची यादी गेली खड्ड्यात. पुढच्या रविवारी मी पालीला गेले. अंक मी जुनी पानं पिवळी पडू नयेत म्हणून मिळणाऱ्या बिनआम्लाच्या कागदात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, वर प्लॅस्टिकचं पाकीट चढवून नेला होता. दुकानातले पातळ हातमोजेही होते. बाई ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. भाचा आणि त्याची बायको दोघंही घरात होते, आणि मी दोघांनाही बाहेर बोलावलं. हातमोजे घालून मी अंक उलगडला, अकरावं पान काढलं आणि तो बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी पान डोळ्यांजवळ धरलं. मग कोंबडीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही ती.”

भाच्याच्या बायकोने वाकून बघितलं. “अगोबाई, खरंच कोंबडी आहे.” भाचा खाली बसला. त्याने आधी पानावरचा शिंपला बघितला, मग माझ्या चित्रवहीतला, मग परत पानावरचा. त्याचं तोंड उतरलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटलं.

“आत्या, तू कधी दाखवलं नाहीस,” तो म्हणाला.

“होतं कुठे माझ्याकडे दाखवायला?” बाई म्हणाल्या. “त्यांनी मला अंक पाठवलाच नव्हता. छापलेलं मी आज बघतेय.”

 बाईंनी पान आणखी जवळ घेतलं, भुवया आक्रसल्या आणि भाच्याच्या खिशाला अडकवलेलं बॉलपेन काढून घेतलं. मला वाटलं, काही लिहून देणार असतील.

“अंगठा चुकलाय गो,” त्या म्हणाल्या. “पिशवी डाव्या हातात आहे आणि अंगठा मी उजव्याचा काढलाय. पाकीट पोस्टात टाकल्यावर लक्षात आलं होतं. तेव्हापासून सलतंय.” आणि त्यांनी पेनाचं टोक मावशीच्या हातावर टेकवलं.

मी त्यांचं मनगट पकडलं. विचार करून नाही, आपोआप. “बाई, नको. खराब होईल. शिंपल्यासकट उघडता येईल अशी एवढीच प्रत आहे.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. आपल्या मनगटाभोवतीच्या माझ्या हातमोज्याकडे बघितलं.

“हे मी काढलंय, हेच सांगत दोन वर्षं लोकांशी भांडत होतीस ना?”

“हो.”

“मग हात सोड.”