मंगलताई काय म्हणाल्या

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. आणि आता तुम्हाला सांगतेय ते धाडस आलं म्हणून नव्हे — भीती वाटते म्हणून.

कोल्हापुरातल्या एका संस्थेत मी बायकांच्या बचत गटांचं काम पाहते. म्हणजे कागदोपत्री मी. गावातलं खरं काम करतात त्या आमच्या कार्यकर्त्या. त्यांना पगार नसतो, मानधन असतं — तेही कधी येईल याचा नेम नाही. मंगलताई त्यांतल्याच, कोडोलीकडच्या. बायका दिवसभर रानात, म्हणून बैठका दिवेलागणीनंतर. बैठक उरकली की त्या उसातल्या वाटेनं एकट्या चालत घरी यायच्या. गाडी? गाडी आम्हा ऑफिसवाल्यांना होती.

काही वर्षांपूर्वी देणगी देणारे परदेशी पाहुणे आले. त्यांना मराठी येत नव्हतं, मंगलताईंना इंग्रजी. मध्ये दुभाषी मी. संस्थेचा कॅमेरा सुरू होता. पाहुण्यांनी विचारलं, काम करताना काही अडचण? मंगलताई उठल्या, पदर सावरला आणि भडाभडा बोलल्या, "मानधन येळेवर न्हाय. अंधारात उसातनं एकटीनं यावं लागतंय. परवा वाटंत एकानं हात धरला. लई भ्या वाटतंय वो. तेवढं गाडीचं बघा की."

समोर आमचे संचालक बसलेले. माझा करार त्याच महिन्यात संपत होता. ते नुसते माझ्याकडे बघत होते. मला कुणी दटावलं होतं का? नाही. मग माझ्या तोंडून ते आलं कुठून?

मी इंग्रजीत म्हणाले, "त्या सांगतात, पूर्वी इथल्या बायका अंधारात घराबाहेर पडायला घाबरायच्या. आता एकट्या चालत येतात."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगलताईंना वाटलं, आपलं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमी हुतासा म्हणून आमचं म्हणणं पोचलं, मॅडम."

माझा करार वाढला. गाडी आली नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत त्या त्याच वाटेनं येत राहिल्या. पुढं त्यांना पुन्हा अडवलं. झटापटीत मनगट मोडलं, ते अजून नीट वळत नाही. मी फळं घेऊन भेटायला गेले होते — फळं!

यंदा त्यांची मुलगी आमच्याकडे लागली. "तुमच्या हाताखाली हाय म्हटल्यावर मला घोर न्हाय," त्या म्हणाल्या. पोरीला इंग्रजी छान येतं. संस्थेचे जुने व्हिडिओ चाळून ती एक चित्रफीत बनवते आहे. मघाशी हसत आली. "मॅडम, आईचा व्हिडिओ सापडला!"

आता ती पलीकडच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून बसली आहे. आधी हसत होती. आता तिनं व्हिडिओ मागे नेला आहे. पुन्हा ऐकते आहे.