लाल दोऱ्याची छागल

उस्मानपुऱ्यात जब्बारचं दुकान ओळखायला पाटी लागत नसे. दारावर पाण्यानं भरलेली एक कापडी छागल टांगलेली असायची. तिच्या बुडाशी थेंब धरायचा, लोंबायचा, पडायचा. खालच्या दगडाला त्या थेंबांनी खळी पाडली होती आणि उन्हाळ्यात चिमण्या त्या खळीत चोची बुडवायच्या.

जब्बारचा बाप भिस्ती. कातड्याची मशक पाठीवर घेऊन मोठमोठ्या हवेल्यांमध्ये पाणी घालायचा. निजामावर पोलीस अॅक्शन झाली आणि हवेल्यांची दारं एकामागून एक लागत गेली. कुणी हैदराबादला गेलं, कुणी आणखी पुढं. जे राहिले त्यांनी नळ घेतले. बापाची मशक खुंटीवर सुकून लाकडासारखी झाली, आणि बापही काहीसा तसाच. जब्बारनं कातड्याला हात लावला नाही. छावणीतल्या लिलावात जुन्या तंबूंचं जाड कापड मिळायचं. ते आणून तो छागली शिवू लागला. भरली की टम्म फुगावी, रिकामी झाली की रुमालासारखी घडी करून कुठंही खोचावी, अशी पिशवी. कापड ओलं राहायचं, वारा लागायचा आणि आतलं पाणी गारठायचं. ट्रकवाले पुढच्या बंपरला बांधायचे, जीपवाले आरशाला. पंचवीस वर्षांत त्या बाजूच्या रस्त्यांवरून जेवढं पिण्याचं पाणी लोंबकळत गेलं, त्यातलं बरंचसं जब्बारच्या हातचं होतं.

गळ्याच्या शिवणीत तो एक लाल दोरा घालायचा. तेवढीच त्याची सही.

माणूस कारागीर चांगला, पण हेवा फार. शेजारच्या न्हाव्याकडं गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं की याला वाटायचं, माझ्याकडं का नाही हसत? नमाजात बाजूच्याचा सजदा आपल्यापेक्षा लांबला तरी त्याचं चित्त उडायचं. हा हेवा पोटात एखाद्या मुक्या जनावरासारखा पडून असे. कुणाचं चांगलं झालं की ते मान वर करायचं.

बहात्तरच्या दुष्काळात त्या जनावराला पोटभर खाद्य मिळालं.

बिडकीनच्या पुढं माळावर तलावाचं काम काढलं होतं. खडी फोडायची, माती वाहायची. त्या कामावरचे ओव्हरसियर तात्यासाहेब हे जब्बारचं जुनं गिऱ्हाईक. एका दुपारी त्यांची जीप दुकानापुढं थांबली. जीपच्या आरशाला जब्बारचीच एक जुनाट छागल होती, रंग उडालेली, गळ्यातला लाल दोरा विटून गुलाबी पडलेला.

"जब्बारमियाँ, टँकर खाली उभा राहतो आणि माणसं वर टेकाडावर. घागरी दगडांवर आपटून फुटतात. बायांना घडी करून कमरेला खोचता येईल असं काहीतरी पाहिजे. सगळ्या टोळ्यांना एकच."

"मंग ते झालंच समजा, साहेब."

"झालं नाही अजून. आमच्या टोळीत भागूबाई म्हणून एक आहे. तिनं टायरच्या ट्यूबची पिशवी केलीय. थेंब गळत नाही. तुमची घेऊन या सोमवारी, दोन्ही शेजारी टांगू. जी चालेल ती सगळ्यांना. आणि कामावर मग पिशवीला नावही करणाऱ्याचंच."

जीप गेली. जब्बार दगडावरच्या खळीकडं बघत राहिला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तिथला थेंब पडलेला ऐकू आला.

भागूबाई त्याला आठवली. उन्हाळा लागताना ती त्याच्याकडून छागल घेऊन गेली होती आणि दोन दिवसांत परत आली होती.

"जब्बारभाई, ही गळती."

"बाई, छागल गळत नसती. तिला घाम येतो. नवी हाय, कापड फुगू द्या, टाके बसतील."

"घाम मला बी येतो. पण मी लेकरांच्या तोंडचं पानी घामात नाय घालवत."

दुकानातली माणसं हसली होती. तिनं छागल पुढ्यात टाकली आणि निघून गेली. तेव्हा जब्बारला राग आला नव्हता. खेड्यातली बाई, बोलली काहीतरी. आता तेच शब्द त्याला काट्यासारखे टोचले. तिनं आपली छागल टाकली आणि तिच्या जागी स्वतःची केली.

समोरच बन्सीचं पंक्चरचं दुकान होतं. जब्बार कधी त्याच्या पायरीवर गेला नव्हता. त्या दिवशी गेला.

"एक फाटकी ट्यूब दे. ट्रकची."

"काय करता, मियाँ? म्हातारपणी पोहायला शिकता काय?"

जब्बार ट्यूब घेऊन आला. तुकडा कापला, कडा जुळवल्या आणि दाभणानं शिवायला बसला. शिवून झालं, पाणी भरलं. प्रत्येक टाक्यातून एकेक बारीक धार निघाली, जणू त्यानं झारी शिवली होती. रस्त्यापलीकडून बन्सी पोट धरून हसत होता.

"मियाँ, रबराला सुई लावली का? आम्ही दिवसभर भोकं बुजवायची आणि तुम्ही पाडायची!"

त्यानं ते रबर हातात धरून पुन्हा पुन्हा उलटलं. भागूबाईनं काय केलं असेल? कुठं शिवलं असेल? त्याला एकही उत्तर सुचेना, कारण त्याच्या डोक्यात प्रत्येक पिशवीला शिवण होती. त्याच्या लेखी जगात जे काही पाणी धरत होतं ते टाक्यांनी धरत होतं.

घरी जेवताना जोहरानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "हात रोटी पे और ध्यान किदर है जी?"

"कुछ नै."

"कुछ नै कैसा? बन्सीकी घरवाली बोली मेरेकू. औरत की थैली से जलते क्या तुम?"

"जलता नै. बस, मेरी थैली से एक बूँद नै टपकना."

"तुमारी तो टपकती इच आयी. लोगां उसके वास्ते इच लेते."

हे त्यानं ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. त्याच्या डोळ्यापुढं ती कोरडी पिशवी होती, आणि तिच्या शेजारी आपली ठिबकणारी. सगळ्या टोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी त्यानं कोरी छागल शिवली, इतकी बारीक की स्वतःलाच नवल वाटलं. मग चुलीवर मेण वितळवलं, त्यात जवसाचं तेल घातलं आणि ट्रकवरच्या ताडपत्रीला देतात तसा आतबाहेर हात दिला. पाणी भरून टांगली. खालचा दगड वाळला. चिमण्या आल्या, खळीत चोच घालून बघितली, गेल्या. जब्बारला आनंद झाला. छागलीला घाम आला नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

सोमवारी एस. टी. नं तो बिडकीनला उतरला आणि माळावर चालत गेला. भागूबाई डोक्यावरची पाटी उतरवून आली. तिची पिशवी त्यानं आधी नजरेनं चाचपली आणि मग हातानं. शिवण कुठंच नव्हती. ट्यूब आडवी कापली की आपसूक नळकांडं होतं. ज्या भागाला हवा भरायचं तोंड नाही तोच तिनं घेतला होता. खालचं टोक दुमडून, पुन्हा दुमडून, दोन बाभळीच्या काटक्यांत चिमटलं होतं आणि सुतळीनं करकचून आवळलं होतं. वरचंही तसंच. सुई लागलीच नव्हती.

"शिवलं नाय?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मला कुठं येतं शिवाया?" ती म्हणाली. "म्हनूनच नाय शिवलं."

ती कुजकं बोलत नव्हती. त्यामुळं ते जास्तच लागलं.

दोन्ही पिशव्या एका कडुलिंबाला टांगल्या. लिंब म्हणजे नुसता सांगाडाच, सावली जाळीएवढी. ऊन चढत गेलं. बाया काम करता करता वळून बघत होत्या. आवडाबाई नावाची एक म्हातारी सगळ्यांच्या वतीनं मधूनच ओरडून सांगायची, "अजून दोगी बी कोरड्या!" जब्बार झाडाखाली उकिडवा बसला होता. आपल्या पिशवीखालची कोरडी माती बघून त्याला सुख होत होतं आणि तिच्या पिशवीखालची कोरडी माती बघून ते सुख करपत होतं.

दुपारी भाकरीची सुट्टी झाली. तात्यासाहेब आले. आवडाबाईनं आधी भागूची पिशवी तोंडाला लावली.

"पानी तेवढंच हाय बया, पर कढत. अन् टायर चाटल्यावानी लागतंय."

मग जब्बारची. म्हातारीनं घोट घेतला आणि तसाच मातीवर थुंकला.

"अगं बाई! हे पानी हाय का दिव्यातलं त्याल?"

हशा झाला. टेकाडावरून टेकाडावर गेला. जब्बारनं स्वतः घोट घेतला. मेण, जवस आणि उकळायच्या बेतातलं पाणी. पंचवीस वर्षांत त्याच्या हातातून असं पाणी कुणाच्या तोंडात गेलं नव्हतं.

तेवढ्यात कारभारी, साहेबांचा ड्रायव्हर, जीपच्या आरशाची छागल सोडून घेऊन आला. "तोंडाची चव घालवा आधी," म्हणाला. छागल निम्मी झाली होती, निम्मं पाणी रस्त्यानं ठिबकलं होतं. उरलेल्यातला घोट आवडाबाईनं घेतला आणि डोळे मिटून घेतले. मग दुसरीनं, मग तिसरीनं. कुणी बोलत नव्हतं. पाणी गार असलं की माणसं बोलत नाहीत.

"ही कुनाची वं?" आवडाबाईनं विचारलं.

"यांचीच," तात्यासाहेब म्हणाले. "लाल दोरा बघ ना. दहा-बारा वर्षं झाली असतील."

सगळ्यांनी जब्बारकडं बघितलं. अभिमानानं मान वर करायची ती वेळ होती. पण त्याच्या पोटातलं जनावर आता भागूबाईकडं बघतच नव्हतं. ते त्या जुनाट पिशवीकडं बघत होतं. ती शिवली तेव्हा आपण कोण होतो? कुणाच्या पिशवीकडं न बघता शिवणारा तो तरणा माणूस त्याला शेजारच्या दुकानदारासारखा परका वाटला, आणि जब्बारला त्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. उन्हामुळं, असं लोकांना वाटलं.

"पण निम्मं सांडतं," तात्यासाहेब म्हणाले. "या साली हे परवडत नाही. मग करायचं काय?"

भागूबाई तोवर छागलीचं ओलं कापड बोटांत चोळत होती. "माझ्या ट्यूबीला ह्या कापडाचा अंगरखा चढवला तर? आतून गळनार नाय. वरून अंगरखा भिजवायचा खरकट्या पान्यानं. वारा लागंल तसं आत गार व्हईल. मातुर मेन नगा लावू, जब्बारभाई."

ते बरोबर होतं, हे वाक्य संपायच्या आत जब्बारला कळलं. ते आपल्याला सुचायला हवं होतं, हेही त्याच क्षणी कळलं. घाम त्याचा, कापड त्याचं, आणि अक्कल तिची.

"लोक कुणाची पिशवी म्हणतील याला?" त्यानं विचारलं.

"काय बी म्हनू द्या की. पानी तर वर जाईल."

सगळ्या टोळ्यांसाठी खोळी शिवायचं काम जब्बारला मिळालं. त्यानं ते चोख केलं. टाके घट्ट, माप बरोबर, मेणाचा थेंब नाही. फक्त एक गोष्ट केली नाही. गळ्याशी लाल दोरा घातला नाही. पांढरा घातला. आत तिची ट्यूब असणार त्या पिशवीवर माझी सही कशाला, असं म्हणून त्यानं लाल दोऱ्याचं रीळ फडताळात मागं सरकवून दिलं.

जोहरा म्हणाली, "नाम कायकू नै डाले?"

"दूसरे के घर पे अपनी पाटी लगाना क्या?"

पुढं त्या पिशव्या कामावरून कामावर गेल्या. पैठणच्या बाजूला, गंगापूरकडं, कुठं कुठं. माणसं पिशवी उचलायची, गार पाणी प्यायची, नाव विचारायची आणि नाव एकच कळायचं, भागूची पिशवी. ते ऐकून जब्बार जळायचा. एकदा एका ट्रकवाल्याला तो म्हणाला, "तिची खोळ मी शिवलीय." ट्रकवाल्यानं गळ्याशी बघितलं. "तुमचा तर लाल दोरा असतो, चाचा." लाल दोरा त्यानं स्वतःच मागं ठेवला होता.

पाऊस आला, दुष्काळ मागं पडला. मग प्लास्टिकचे कॅन आले, बाटल्या आल्या, पुंडलिकनगरला वस्ती झाली, शहर चहूकडं पसरलं. छागल कुणी मागेना. जब्बार शाळेची दप्तरं आणि रिक्षाचे पडदे शिवू लागला. दारावरची छागल मात्र काढली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी रोज सकाळी तो ती भरायचा.

एका उन्हाळ्यात एक म्हातारी पायरीवर येऊन टेकली. आवाजावरून त्यानं भागूबाईला ओळखलं.

"जब्बारभाई, गळ्यापाशी उसवलीय. बघा बरं."

ती खोळ होती. हातात घेताच त्याला आपले टाके लागले.

"आतली ट्यूब?"

"ती कवाच चिरली. फेकून दिली. अंगरखा तेवढा टिकला. आता भिजवून कॅनवर वढते. नातवंडं फ्रिजचं सोडून ह्यातलं पेत्यात."

जब्बारनं विचारलंच, "काय म्हणतात नातवंडं हिला?"

"आज्जीची पिशवी." आणि मग ती म्हणाली, "तुमचा लाल दोरा ह्यात कवा दिसला नाय. मला वाटायचं, इसरला असताल."

तो उठला. फडताळात मागं हात घालून चाचपडलं. रीळ तिथंच होतं, धुळीनं जड झालेलं. त्यानं दोरा तोडला, ओठांनी ओला केला, टोक वळलं आणि दाभणाच्या नेढ्याकडं नेलं. दोरा बाजूनं गेला. पुन्हा नेला, पुन्हा बाजूनं गेला. नेढं त्याला दिसतच नव्हतं.

"आना हिकडं," भागूबाई म्हणाली. तिनं दोरा घेतला, दाभण उजेडाकडं धरलं आणि एका झटक्यात ओवून परत दिलं.

जब्बार शिवायला बसला. टाका सरळ पडत होता, बोटांना वाट पाठ होती. दारावर थेंब पडत होता. शिवता शिवता त्यानं मान न उचलता विचारलं, "चष्मा नाय तुम्हाला?"

"नाय बा. समदं सोच्छ दिसतं अजून."

"हं," जब्बार म्हणाला, आणि पुढचा टाका त्यानं जरा जास्तच जोरात ओढला.